जीभ झडत नाही



आपली माणसे कुणाला भीत नाहीत असे आपण म्हणतो, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. तहसीलदाराच्या टेबलासमोर उभे राहून आपण पंचनाम्याची नक्कल मागतो. आडत्याने मापात मारलेल्या किलोचा जाब विचारतो. मंत्री जिल्ह्यात आला तर त्याची गाडी अडवून कापसाच्या भावाचे काय झाले ते विचारतो. पण एका ठिकाणी आपली जीभ टाळूला चिकटते. गावच्या बैठकीत एखादे पोर बोलून जाते, की बोकड कापून पाऊस पडत असता तर खाटकाच्या दारात दुष्काळ आलाच नसता. लगेच कुणीतरी जाणते माणूस कानाला हात लावते. "आरं गप बस. देवाच्या वाटंला जाऊ नगंस. कोप व्हईल, जीभ झडंल." पोर गप बसते. बैठक पुढच्या विषयाला लागते.

आज आम्ही त्या गप बसण्याबद्दल लिहीत आहोत.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो, म्हणजे मागाहून कुणी कानात सांगायला नको. आम्ही कुणाचा देव हिरावून घ्यायला निघालो नाही. ज्याच्या गळ्यात माळ आहे त्याने ती घालावी. आषाढीला पंढरीला जाणाऱ्याने जावे, परळीच्या वैजनाथाला बेल वाहणाऱ्याने वाहावा, अंबाजोगाईच्या योगेश्वरीची ओटी भरणाऱ्या बहिणीने ती भरावी. आमचे भांडण भक्तीशी नाही. ते भीतीशी आहे. आणि त्या भीतीवर ज्यांची चूल पेटते त्यांच्याशी आहे.

जे कोप गेले त्यांचा हिशेब

कोप खरा की खोटा हे तपासायला पोथी लागत नाही. आपल्याच गावाची पन्नास-साठ वर्षांची आठवण पुरते.

गावातल्या साठीच्या पुढच्या माणसाच्या दंडावर बघा. तिथे रुपयाएवढा व्रण दिसेल. त्याला आपण काय म्हणतो? देवी काढल्याची खूण. रोगाचे नावच देवी. अंगावर फोड उठले की देवी आली म्हणायचे. घरात फोडणी द्यायची नाही, दाराला लिंबाचा डहाळा बांधायचा, आणि औषध घ्यायचे नाही, कारण औषध घेतले तर आई कोपेल. लेकरे मरत, जगली तर आंधळी होत, आणि आई-बाप म्हणत, आमच्या हातून काही चुकले असेल. पुढे टोचणारा आला. लोक त्याला भिऊन लेकरे कणगीत लपवीत. त्याने तरी टोचले. १९७५ साली भारतातला देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून हा रोग गेल्याचे जाहीर केले. आता विचारा : आई एवढी कोपिष्ट होती तर तिला सुईने हाकलणाऱ्यावर ती का कोपली नाही?

पटकीचेही तेच. पटकी आली की मरीआई आली. मग मरीआईचा गाडा काढायचा, वाजतगाजत शेजारच्या गावच्या शिवेवर नेऊन सोडायचा. शेजारच्या गावाने तो रातोरात पुढच्या शिवेवर ढकलायचा. आपला रोग शेजाऱ्याच्या पदरात टाकायचा, हाच आपला धर्म झाला होता. गाडा कितीही फिरला तरी पटकी हटली नाही, कारण ती गाड्यात नव्हती, पाण्यात होती. विहिरीत औषध पडू लागले, हातपंप आले, हगवणीवर मीठ-साखरेचे पाणी आणि सलाइन मिळू लागले, तेव्हा मरीआई शांत झाली.

आणि नारू? मराठवाड्याच्या जुन्या माणसांना नारू सांगायला नको. पायातून हात-दोन हात लांबीचा दोऱ्यासारखा किडा निघायचा. ऐन पेरणीत माणूस महिना महिना अंथरुणावर. कुणी म्हणे शाप, कुणी म्हणे करणी. खरी करणी पायऱ्यांच्या विहिरीची होती. नारू झालेला माणूस पाण्यात पाय बुडवून घागर भरायचा, किड्याची पिले पाण्यात सुटायची, पाण्यातल्या बारीक जीवांच्या पोटात जायची, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पायातून वर्षाने नवा नारू निघायचा. फडक्याने पाणी गाळले आणि पायऱ्या बुजवल्या, एवढ्यावर नारू संपला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. हात-दीड हात फडक्याने जो शाप उतरतो, तो शाप होता की आपले अज्ञान?

देवी, पटकी आणि नारू, हे तिन्ही आपल्या आज्या-पणज्यांनी कोप म्हणून सोसले. आम्ही त्यांना हसत नाही. त्यांना कुणी सांगितले नव्हते. आपल्याला सांगितले आहे, तरी आपण कानाला हात लावतो, हे मात्र हसण्याजोगे नाही, रडण्याजोगे आहे.

किल्लारीची पहाट

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे झोपेत मेली. आपल्या जिल्ह्यातही भांडी खणखणली. अंबाजोगाई, केजकडची जी माणसे ढिगारे उपसायला गेली ती अजून त्यावर धड बोलत नाहीत. आणि ढिगाऱ्यावरची माती ओली असतानाच बोलणे सुरू झाले : पाप फार वाढले होते, म्हणून देवाने शिक्षा केली.

कुणाचे पाप? पाळण्यातल्या लेकराचे?

त्या गावांमधून फिरलेल्यांनी जे पाहिले ते आपण नीट ऐकले पाहिजे. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, दगडाला दगडाचा धरबंध नाही, आणि वर मातीचे जड माळवद. दरवर्षी गळू नये म्हणून त्यावर मातीचा आणखी थर. धरणी हलताच भिंती फुगल्या आणि माळवद अंगावर आले. शेजारी कुडाची, गवताने शाकारलेली झोपडी हलली आणि उभी राहिली. ज्यांना दगडी घर बांधायची ऐपत नव्हती ते बहुधा वाचले. कोपच होता म्हणायचे तर तो कूड आणि दगड यांतला फरक ओळखणारा कोप होता. असा फरक देव करत नाही, वजन करते. पुढे जी गावे नव्याने वसली तिथे भिंतींना पट्टे घातले, कोपरे बांधले. भूकंपावरचा उतारा तो. त्यासाठी बोकड लागले नाही, गवंडी लागला.

एप्रिल २०१६ : दुष्काळ कुणामुळे?

आता थोडी अलीकडची गोष्ट. २०१४ आणि २०१५, दोन वर्षे पावसाने दगा दिला. केज तालुक्यातले धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. त्याच धरणावर लातूर शहर पाणी पिते, म्हणून १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर. आपल्या गावांत टँकरच्या पाइपाखाली बायका एकमेकींची डोकी फोडत होत्या.

ती गाडी रुळावर असतानाच हरिद्वारला बसून द्वारकापीठाचे शंकराचार्य स्वरूपानंद सरस्वती यांनी महाराष्ट्राच्या दुष्काळाचे कारण सांगितले. लोक शिर्डीच्या साईबाबाची पूजा करतात म्हणून दुष्काळ पडला! आणि शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाऊ दिले, त्याचेही वाईट परिणाम भोगावे लागतील असे ते म्हणाले. शंकराचार्य २०२२ मध्ये वारले. मेल्या माणसाशी आमचे वैर नाही. पण ते वाक्य अजून मेले नाही. गावोगाव वेगवेगळ्या तोंडांतून ते निघते, म्हणून त्याचा हिशेब करू.

शिंगणापूर आपल्या शेजारी, नेवासे तालुक्यात. आपल्या जिल्ह्यातून शनी अमावस्येला गाड्या भरभरून जातात. तिथली कीर्ती अशी, की घरांना दारे नाहीत, चोरी केली तर शनीमहाराज शिक्षा करतात. तरी २०१५ मध्ये तिथे पोलीस ठाणे उघडावे लागले. त्याच साली नोव्हेंबरात एक बाई चौथऱ्यावर चढली, तर दुधाने चौथरा धुतला गेला. वास्तविक देवळात प्रवेश नाकारू नये असा कायदा या राज्यात १९५६ पासून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या साथींनी २००० सालापासून त्या चौथऱ्यासाठी झगडा मांडला होता. अखेर १ एप्रिल २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की बायकांना अडवता येणार नाही. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा खुला झाला.

मग काय झाले? शनी कोपला? त्याच पावसाळ्यात मराठवाड्यात धो धो पाऊस झाला. जे मांजरा धरण वर्षानुवर्षे भरले नव्हते ते भरले.

आता इथे आमच्यातलाही कुणी टाळी वाजवून म्हणेल, बघा, बायका चढल्या म्हणून पाऊस पडला. नाही भाऊ, तसे म्हणायचे नाही. तसे म्हटले तर आपण त्यांच्याच पाटावर जाऊन बसलो. पाऊस बायका चढल्यामुळे पडला नाही, आणि आधीची दोन वर्षे साईबाबामुळे दडला नाही. आपला जिल्हा सह्याद्रीच्या पावसाच्या छायेत आहे. २०१५ साली दूरच्या प्रशांत महासागराचे पाणी तापले होते आणि अशा वर्षी आपला मोसमी पाऊस बहुधा लंगडतो. आभाळाचे कारण हे एवढे. जमिनीवरचे कारण वेगळे आहे. कोरड्या प्रदेशात धरणाचे पाणी कुणी, कोणत्या पिकाला आणि कुणाच्या परवानगीने वापरले, हा प्रश्न देवाला विचारायचा नाही, पाटबंधारे खात्याला विचारायचा आहे. दुष्काळ देवाच्या माथी मारला की हा प्रश्न कुणालाच विचारावा लागत नाही. म्हणून तो देवाच्या माथी मारतात.

मग माणूस बरा कसा झाला?

दर बैठकीत एक जण उठतो आणि म्हणतो, "तुम्ही काय बी म्हना, आमच्या चुलत्याला पान लागलं व्हतं, देवळात नेला, उतरलं." आम्ही त्याला खोटा म्हणत नाही. चुलता खरोखर बरा झाला असेल. पण का झाला ते बघा. शिवारातले बहुतेक साप बिनविषारी. धामण, दिवड, तस्कर चावला तर देवळात नेला काय किंवा नुसता बाजेवर निजवला काय, माणूस उठून बसणारच. विषारी साप चावला तरी दर वेळी विष उतरतेच असे नाही. अशा शंभर जणांचे श्रेय देवऋषी घेतो. आणि नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष खरोखर अंगात गेलेला माणूस देवळाच्या पायरीवर मरतो, तेव्हा देवऋषी म्हणतो, आणायला उशीर केला, किंवा घरात विटाळ होता. जिंकला तर देवऋषी, हरली तर घरची बाई. असा सट्टा कोणता आडत्या लावील?

या चारही सापांच्या विषावर एकच लस आहे आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती लागू पडते की नाही ते वेळेवर ठरते. कापूस वेचताना, ज्वारी काढताना, रात्री मोटार चालू करायला जाताना जो हात-पाय सापाजवळ जातो तो तुमचा-आमचा आहे, देवऋषीचा नाही. देवळाला पाच फेऱ्या घालण्यात गेलेला तास हा मेलेल्या माणसाचा तास असतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्वच्छ लिहिले आहे : साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. त्याच कायद्यात असेही लिहिले आहे, की वारी, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा, घरची पूजा यांना तो लागू नाही. म्हणजे कायदा देवाविरुद्ध आहे असे जे सांगतात, त्यांनी एकतर तो वाचला नाही, किंवा वाचून लपवला.

कोपाचा सगळ्यात जड हप्ता

उतारा, गंडा, अंगारा, कोंबडे, बोकड, नारळ. हा खर्च आपण पीककर्जातून करतो हे बँकेलाही ठाऊक नाही. पण पैसा गेला तर गेला. कोपाचा सगळ्यात जड हप्ता बाई भरते. मराठवाड्यात भानामतीच्या नावाने किती बायांची जिणी उद्ध्वस्त झाली! सासरी कोंडलेली, मनातले कुणाला सांगू न शकणारी बाई घुमू लागली की तिला डॉक्टर नाही, छडी.

आणि दुसरी गोष्ट सांगताना आमचा हात अडखळतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांत मराठवाड्यात आपल्या बीडचे नाव वर्षानुवर्षे पुढे आहे. त्यातल्या कित्येक घरी आम्ही बसायला गेलो आहोत. ओसरीवर पुरुष बोलत असतात आणि आत भिंतीला टेकून ती बसलेली असते. बाहेर कुणीतरी हळूच म्हणते, "पांढऱ्या पायाची निघाली." चार ओळींचा हिशेब तिथेच भिंतीवर लिहिता आला असता : बियाण्याला एवढे, फवारणीला एवढे, सावकाराला एवढे, कापूस विकून आले एवढे. त्या वजाबाकीत तिचे पाय कुठेच येत नाहीत. तरी दोष तिच्या पायाला. आणि आम्हीही त्या ओसरीवर गप बसलो, याची कबुली इथे देतो. कोपाला भिऊन नव्हे, लोक काय म्हणतील याला भिऊन. शेवटी दोन्ही भीती एकच.

विचारणारे आपलेच होते

देवाला प्रश्न विचारणे हे शहरातल्या शिकलेल्यांचे खूळ आहे, असे कुणी सांगेल तर त्याला आपल्याच गावचा महादेव दाखवा. पाऊस ताणला की आपले आजे काय करीत? महादेव कोंडीत. गाभारा पाण्याने भरून पिंड बुडवून ठेवीत आणि बजावीत, पाऊस पाड, तोवर तुझी सुटका नाही. त्याने पाऊस येत नसे हे खरे. पण जो देवाला कोंडतो तो देवाला भीत नाही, हेही तितकेच खरे. परळीपासून जवळ गंगाखेडची जनाबाई. तिने विठोबाशी भांडण केले, त्याला शिव्या घातल्या. तिची जीभ झडली नाही. सातशे वर्षे झाली, अजून बायका जात्यावर आणि दिंडीत तिचे नाव घेतात. अरणचा सावता माळी मळा सोडून पंढरीला गेला नाही, मळ्यातच देव मानून राबला. दुष्काळात बायको गेलेला आणि धंद्यात दिवाळे निघालेला देहूचा तुकाराम देवाला तोंडावर जाब विचारत होता, आणि त्यानेच लोकांच्या कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली असे सांगतात. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याचा असूड लिहिला. जन्माच्या आधीपासून मेल्यानंतरपर्यंत धर्माच्या नावाने कुणब्याची थैली कशी रिकामी होते, ते त्यांनी त्यात कलमवार मांडले.

आणि दाभोलकर. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या त्या माणसावर गोळ्या झाडल्या. कुणी म्हणाले, देवाला डिवचले, त्याचे फळ. आम्ही विचारतो, देवाचा कोप व्हायचाच होता तर पिस्तूल कशाला लागले? मोटारसायकल कशाला लागली? १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली. ते माणसेच निघाले. कोपाच्या नावाने जे जे घडते ते उकलून पाहिले, की आत कुणीतरी माणूस बसलेला सापडतो.

नशीब कोण लिहितो?

आता मूळ मुद्दा. शेतकरी संघटनेच्या पानावर हे सगळे कशाला, असे काही जण विचारतील. भावाचे बोला म्हणतील. भावाचेच बोलतो आहोत.

१९ ऑगस्ट २०२५ रोजी केंद्र सरकारने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवले. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात परदेशी गाठींना दार उघडे. त्याच सप्टेंबरात सिंदफणेला आणि गोदावरीला पूर येऊन आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक शिवारांतली माती खरडून गेली. पारावर आपण काय म्हणालो? "औंदा नशिबातच नव्हतं." पूर आभाळाचा होता, मान्य. पण शुल्काचा कागद कोणत्या सटवाईने लिहिला? त्यावर सही असते, तारीख असते, खात्याचे नाव असते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने पऱ्हाट्या पोकळ केल्या, तेव्हाही आपण बांधावर नारळ फोडले. अळी मात्र फरदड ठेवल्याने पोसत होती, आणि कामगंध सापळा काय असतो ते सांगायला वेळेवर कुणी आले नव्हते.

शरद जोशींनी जन्मभर एकच सांगितले, की शेतकऱ्याचे दारिद्र्य गेल्या जन्मीचे पाप नव्हे, ते या जन्मीचे सरकारी धोरण आहे. जो माणूस देवऋषीला "कशावरून?" असे विचारू शकत नाही, तो कृषिमूल्य आयोगाला काय विचारणार? गप बसायची सवय एकच असते. ती देवळात लागते आणि मोंढ्यात उपयोगी पडते. आपल्या नव्हे, त्यांच्या.

म्हणून येत्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवत आहोत. एक : आपल्या गावात साप चावलेला माणूस आधी दवाखान्यात जाईल. गाडी कुणाची, हे आजच ठरवून तिचा नंबर पारावर लिहावा. दोन : आत्महत्येच्या घरी "पांढऱ्या पायाची" हा शब्द जो काढील त्याला तिथल्या तिथे उभे राहून अडवावे. त्या बाईचे नाव सातबाऱ्यावर लागेपर्यंत तलाठ्याकडे आपण तिच्यासोबत जावे. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाची आणि त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीची आण घेणाऱ्यांना हे नवे नाही. तीन : बोकडाची वर्गणी मागायला येतील त्यांना सांगावे, की ती रक्कम गावच्या पाण्याच्या टाकीला किंवा बांधबंदिस्तीला देऊ. चार : बैठकीत पोराने प्रश्न विचारला तर त्याला गप बसवायचे नाही. उत्तर येत असेल तर द्यायचे, येत नसेल तर येत नाही म्हणायचे.

आम्ही हे सगळे लिहिले, छापले, आणि तुम्ही ते मोठ्याने वाचणार आहात. वाचून झाल्यावर जीभ जागेवर आहे का, ते प्रत्येकाने पाहून घ्यावे. आणि तीच जीभ घेऊन बैठकीला यावे.